कॅरव्हान शेडमध्ये घालायची आहे, उंचीत इंचाइंचाचा खेळ आहे (सांगली / विटा)

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, जरा डोकं लावा. बोलेरोमागे ओढायची एक जुनी कॅरव्हान घेतली आहे. एक ॲक्सल, दोन चाकं, आत दोन पलंग, छोटा ओटा आणि टपावर एसी. कास झालं, कोयना झालं, तारकर्लीपर्यंत जाऊन आलो. घरचे खूष आहेत. प्रश्न एवढाच की जून ते ऑक्टोबर ती ठेवायची कुठे? मागचा पावसाळा दारातच ताडपत्रीखाली काढला. वाऱ्याने ताडपत्री घासून कोपऱ्यांचा रंग गेला आणि टपाच्या सांध्यातून पाणी झिरपलं ते वेगळंच.

दोन जागा मिळतायत. सांगलीतच मित्राचं हळदीचं गोदाम आहे, शटर १४ फूट, ट्रक सरळ आत जातो. दुसरी जागा विट्याजवळ सासऱ्यांची. यंत्रमाग विकून टाकले, शेड रिकामं पडलंय. भाडं नाही, पण उंची कमी.

मापं देतो. कॅरव्हान टपापर्यंत ८ फूट १ इंच, एसी धरून ९ फूट. शेडच्या शटरची चौकट ९ फूट १ इंच. आत कैचीची (छपराच्या लोखंडी सांगाड्याची) खालची पट्टी ९ फूट ४ इंच. म्हणजे कागदावर एक इंच शिल्लक. सासरे म्हणतात, "जातंय की, कशाला घाबरताय." मेव्हणा म्हणतो टायरमधली हवा सोडू. बायको म्हणते विकून टाका. तुम्ही काय म्हणता?

तंबोरा_मिरज

१४ फुटी शटर असताना चर्चा कसली? गोदामात लावा आणि विषय संपवा.

भडंगप्रेमी

वहिनींच्या मताला +१. (हलके घ्या.)

हरिपूरकर

तंबोरा, विषय तिथेच सुरू होतो. कृष्णाकाठ, गोदाम नेमकं कुठल्या भागात आहे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या दारात पाणी होतं का, एवढंच मित्राला विचारा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा आलंच. आमच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली जायची, २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि धंद्याचं कंबरडं मोडलं. हळदीची पोती निदान जागेवर भिजतात. कॅरव्हान म्हणजे हलकं, बंद खोकं. वजन हजार किलो आणि तळ ८ चौरस मीटर धरा. तिच्या स्वतःच्या फरशीच्या वर वीतभरसुद्धा पाणी चढायची गरज नाही, ती उचलली जाऊ लागते. आत पाणी भरेपर्यंत गोदामभर फिरणार आणि भिंतीवर आपटणार.

पूर येतोय म्हटल्यावर बाहेर काढू, असं म्हणाल. त्या दिवशी मित्र स्वतःची पोती हलवत असेल, बोलेरोत घरची माणसं बसलेली असतील, आणि कॅरव्हानच्या पुढ्यात कुणाचा तरी टेम्पो उभा असेल.

कृष्णाकाठ (सांगली)

विचारलं. २०१९ ला शटरला छातीएवढं पाणी होतं म्हणे. गोदाम बाद. आता विट्याचंच बोलू. खानापूर तालुक्यात पुराची भीती नाही, तिथे पाण्याची वाट बघावी लागते.

वेल्डिंगवाला (पलूस)

दादा, ट्रॉल्या बनवण्यात हयात चाललीय, म्हणून सांगतो. हवा सोडायच्या नादाला लागू नका. टायर पार चपटा केला तर थोडी उंची मिळंल खरी. तेवढ्यावर गाडी ढकलली की रिंग टायरला चेचती, आतली तार तुटती, आणि टायर वरनं झकास दिसतो. मग कोयनेच्या घाटात फुटतो. त्यापेक्षा चाकं काढून खाली लोखंडी ढकलगाडी घालावी, सहा-आठ इंच आरामात मिळतात. मी करून देतो. पर आधी मला एक सांगा, ते ९ फूट १ इंच कुठनं कुठं मोजलं?

कृष्णाकाठ (सांगली)

चौकटीच्या वरच्या कडेपासून उंबऱ्यापर्यंत. टेपने. सासऱ्यांनी वरचं टोक धरलं, मी खालचं.

वेल्डिंगवाला (पलूस)

तिथंच गफलत असती. शटर पूर्ण वर केल्यावर त्याची खालची पट्टी कुठं थांबती ते बघा. पट्टीला दोन कान असतात, ते चौकटीला अडकून शटर थांबतं, न्हाईतर सगळंच ड्रमात गुंडाळून जाईल. पट्टी, कान, वर कुलपाची कडी, असं सगळं मिळून तीन-चार इंच खाली लोंबतं. तुमची गाडी चौकटीला न्हाई धडकायची, त्या पट्टीला धडकंल. उद्या जाऊन शटर वर करा आणि पट्टीच्या खालनं माप घ्या. दोन्ही कडंला घ्या, जुनी शटरं एका अंगाला कललेली असत्यात.

कंदीपेढा (सातारा)

वेल्डिंगवाले, मनातलं बोललात. मी स्थापत्यवाला, त्यामुळे जमिनीकडे बघतो. शेडचं जोतं अंगणापेक्षा किती उंच आहे आणि चढ किती लांबीचा आहे? यंत्रमागाचं शेड म्हणजे जोतं असणारच. गाडी सपाटीवर उभी असताना जी उंची असते, ती चढावर तशी राहत नाही. उंचवटा नेमका कुठे आहे यावर सगळा हिशोब ठरतो. म्हणून आणखी तीन मापं द्या: हुक ते ॲक्सल, ॲक्सल ते मागचं टोक, आणि एसी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, किती.

जोत्याची उंची टेपने मोजू नका. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल नळी असते ती मागा. एक टोक शेडच्या फरशीवर, दुसरं अंगणात बोलेरो जिथे उभी राहणार तिथे. डोळ्याला सपाट दिसणारं अंगण पाच-सहा इंच सहज उतरतं.

भडंगप्रेमी

दहावीनंतर भूमितीशी पुन्हा गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. वाचतोय.

परदेशी_सांगलीकर (ओहायो)

इकडे हा प्रश्न घरोघरी असतो. इथल्या साध्या घरांच्या गॅरेजचं दार ७ फूट उंच असतं, फार तर ८. कॅरव्हान एसीसकट १० ते ११ फूट. त्यामुळे ज्याला हौस आणि पैसा आहे तो १२ किंवा १४ फुटी दाराचं वेगळं गॅरेज बांधतो, बाकीचे भाड्याच्या गोदामात ठेवतात नाहीतर बाहेर.

दोन गोष्टी अनुभवी लोक पहिल्याच दिवशी सांगतात. एक, रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच असते. टाकीत पाणी, कपाटात सामान, सिलिंडर असं सगळं असताना पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगा) दबलेले असतात. त्या अवस्थेत गाडी आत नेली, आत सामान उतरवलं आणि टाकी सोडली की ती वर उठते आणि दाराखालून बाहेर निघत नाही. त्यामुळे माप रिकाम्या गाडीचं घ्या, टायरमध्ये पूर्ण हवा असताना. दोन, टपावरच्या एसीचं प्लास्टिकचं झाकण बहुधा चार स्क्रूंवर असतं. ते काढलं की इंचभर उंची मिळते. अख्खा एसी काढायचा तर आतून चार लांब बोल्ट सोडायचे, वर ३५-४० किलोचं धूड दोघांनी उचलायचं, टपाला १४ इंची चौकोनी भोक उरतं ते झाकायचं, आणि परत बसवताना गॅस्केट नवं लागतं. जुनं दाबलेलं गॅस्केट परत वापरलं की पहिल्याच पावसात गळती. आधी झाकण काढून बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, रविवारी विट्याला जाऊन आलो. वेल्डिंगवाले, तुमच्या तोंडात साखर पडो. शटरची पट्टी तीन इंच लोंबतेय. म्हणजे खरी उंची ८ फूट १० इंच. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "माग आत नेले तेव्हा काय अडलं नव्हतं."

नळी लावून जोतं मोजलं, १० इंच. समोरचा चढ फक्त ६ फुटांचा. हुक ते ॲक्सल १० फूट. ॲक्सल ते मागचं टोक ५ फूट. एसीचा सगळ्यात उंच भाग ॲक्सलच्या २ फूट पुढे. टाकी रिकामी करून, गाद्या-भांडी उतरवून पुन्हा उंची घेतली तर ९ फूट पाऊण इंच. पाऊण इंच उठली!

आणि एक वेगळंच निघालं. शेडच्या फरशीत मागांचे फाउंडेशन बोल्ट तसेच आहेत. ओळीने, दीड-दोन इंच वर आलेले, गंजून टोकदार झालेले. एकावर माझीच चप्पल अडकली.

वेल्डिंगवाला (पलूस)

बोल्ट ग्राइंडरनं फरशीबरोबर कापा, न्हाईतर टायर गेलाच समजा. आणि थांबा. कापायच्या आधी शेड झाडून, पाणी मारून घ्या. मागाच्या शेडात कैचीवर, कोपऱ्यात सुताचा भुसा साठलेला असतो. त्यावर ग्राइंडरची ठिणगी पडली तर भडकाच. मी शेडात ग्राइंडर लावतो तवा पाण्याची बादली आणि एक माणूस नुसता बघायला ठेवतो.

शटरचं काम सोपं आहे. कान कापून पट्टीवर खाली घेऊन परत वेल्ड करायचे, पट्टी अडीच इंच वर जाईल. कान पार काढू नका, शटर ड्रमात गेलं तर बाहेर काढायला निम्मा दिवस जातोय.

कंदीपेढा (सातारा)

आता खरी मजा. कृष्णाकाठ, तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. तुम्ही गाडी मागून आत घालणार ना, म्हणजे बोलेरो रिव्हर्समध्ये? चाकं जोत्यावर चढून आत गेलेली आणि हुक अजून खाली अंगणात, अशी एक अवस्था येते. त्या वेळी कॅरव्हानचं नाक खाली, शेपूट वर असतं. ॲक्सलच्या पुढे असलेली प्रत्येक गोष्ट खाली झुकते, मागची वर उचलली जाते. तुमचा एसी पुढे आहे, त्यामुळे शटरखालून जाताना तो झुकलेला असणार. चढ ६ फुटांचा आणि हुक १० इंच खाली, तर एसी २ इंच खाली येतो. फुकटात.

पण तोच ६ फुटी चढ दुसरीकडे मारतो. चाकं चढाच्या पायथ्याशी असताना मागचं टोक ५ फूट चढावर आत आलेलं असतं. तिथे चढाची उंची सव्वाआठ इंच. सांडपाण्याचा पाइप आणि मागचे टेकू जमिनीपासून किती वर आहेत?

कृष्णाकाठ (सांगली)

पाइप ८ इंच. टेकू थोडे वर.

कंदीपेढा (सातारा)

मग पाइप घासून तुटणार. चढ लांब करा, १२ फूट. त्याच जागी उंची सव्वाचार इंच होईल, पाइप सुटेल. मात्र लांब चढावर एसी शटरखाली येईल तेव्हा हुक थोडा वर आलेला असेल, त्यामुळे झुकाव २ इंचांऐवजी सव्वा इंचच मिळेल. एक देऊन एक घ्यायचं.

हिशोब असा बसतो: रिकामी गाडी ९ फूट पाऊण इंच, झुकाव वजा करून ८ फूट साडेअकरा इंच. शटर दुरुस्त केल्यावर ९ फूट अर्धा इंच. म्हणजे एक इंच उरतो. एसीचं झाकण काढलंत तर दोन. चढ कच्चा नको, पावसात मुरूम बसला की माझा सगळा हिशोब बसला. खाली दगडसोलिंग, वर काँक्रीट, आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवायला सांगा. गुळगुळीत चढावर ओल्या टायरने रिव्हर्स म्हणजे क्लचचा वास.

तंबोरा_मिरज

आणि एसी ॲक्सलच्या मागे असता तर?

कंदीपेढा (सातारा)

तर हा फुकटचा झुकाव मिळाला नसता. शटरखाली एसी जवळपास सपाटीइतकाच उंच राहिला असता, आणि आत शिरताना उलट वर उचलला गेला असता. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा हिशोब आपल्याला लावता येत नाही.

परदेशी_सांगलीकर (ओहायो)

उत्तम. आत नेण्याआधी एक करा. इलेक्ट्रिकच्या पाइपचा 'T' आकाराचा हलका टी बनवून एसीच्या सर्वात उंच जागी, त्याच्याच आणखी अर्धा इंच वर, टपाला चिकटपट्टीने बसवा. तो शटरला लागला तर नुसता टक आवाज येईल आणि वाकेल, नुकसान शून्य. एक माणूस शिडीवर, त्याचं काम फक्त तेवढंच बघायचं. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा वेगळा ठेवा. आणि चालवणाऱ्याने ब्रेक मारू नये, क्लचवर रांगत न्यावं. ब्रेक मारला की पाटे उडी घेतात आणि तुमचा इंच तिथेच जातो.

भडंगप्रेमी

"येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा आपल्याकडे वेगळा ठेवावा लागत नाही. अख्खी आळी असते.

वाईकरीण

धागा उंचीतच अडकलाय, म्हणून दुसरं लिहिते. आमची टेम्पोची बांधून घेतलेली गाडी आहे, वाईला भावाच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ठेवतो. उंचीपेक्षा जास्त त्रास उंदरांचा आणि कोंदटपणाचा. बिस्किटाचा चुरासुद्धा आत ठेवू नका. सिंकचा पाइप जिथून खाली जातो त्या भोकाला बोट घालून बघा, तिथे फट असतेच. तारेची जाळी ठासा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसता कापूस किंवा फोम घातला तर उंदीर त्याचंच घरटं करतात. फ्रीजचं दार उघडं ठेवून फडका अडकवा. गाद्या उभ्या करा, एका कडेवर, म्हणजे खालची फळी वारा घेते.

सिलिंडर शेडात अजिबात ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीलगत साचतो आणि बंद शेडात वास यायलाही उशीर होतो. बॅटरीची उणे बाजू आधी सोडा, बॅटरी घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका हो, चार महिन्यांत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा.

आणि विट्याचं ऊन! पत्र्याखाली एप्रिल-मेत भट्टी असते. पुढच्या वर्षी लवकर ठेवणार असाल तर खिडकीची फट उघडी ठेवा. टपाचं सीलंट उन्हानेच जातं, पावसाने नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

वाईकरीणताई, ब्रेकचं माहीतच नव्हतं. आणि घरची म्हणतेय, गाद्या उभ्या करायचं ती पहिल्यापासून सांगत होती.

हरिपूरकर

चाकं काढून ढकलगाडीवर घ्यायचा विचार डोक्यातून गेला ना? पूर नसला तरी आग आहे, पत्रा उडणं आहे. शेडमधली गाडी हुक लावला की निघाली पाहिजे.

वेल्डिंगवाला (पलूस)

बरोबर बोलले. दोन इंच मिळत असतील तर माझी ढकलगाडी नको. धंदा गेला माझा, पर असू दे.

कृष्णाकाठ (सांगली)

अपडेट. गाडी आत!

चढ १२ फुटांचा करून घेतला, काँक्रीट पक्कं होऊ दिलं. शटरचे कान खाली घेतले, पट्टी आता अर्धाच इंच दिसते. बोल्ट कापायच्या आधी झाडलं तेव्हा कैच्यांवरून जो भुसा निघाला तो बघून वेल्डिंगवाल्यांचे आभार मानले, पोती भरली. आत कैचीला टांगलेल्या दोन ट्यूबलाइट होत्या, त्या कुणाच्याच हिशोबात नव्हत्या. त्या काढल्या.

मेव्हणा शिडीवर. एसीचं झाकण काढून टी लावला. झाकण कोपऱ्याला तडकलेलं निघालं, ते नवीनच बघावं लागणार. पाइप चढाला घासला नाही, खाली तीन बोटं जात होती. एसी शटरखाली आला तेव्हा मेव्हण्याने हात वर केला आणि मी थांबलो. उतरून बघितलं तर टी आणि पट्टी यांच्यामध्ये माझं अंगठ्याचं पेर आडवं जात होतं. कंदीपेढा, तुमचा हिशोब तंतोतंत बसला. पुढे हुक चढावरून वर येत गेला तशी गाडी सपाट होत वर उठताना दिसली, पण तोवर एसी आत गेला होता. कैचीखाली तीन इंचांच्या वर जागा आहे.

आता एक नवीन भानगड. सासरे खूष होऊन म्हणतायत, "गाडी राहणारच आहे तर दिवाळीच्या आत शेडात नवा कोबा करून घेऊ, फरशी लई उखडलीय." गवंड्याशी बोलणंही झालंय.

कंदीपेढा (सातारा)

कोबा किती जाडीचा?

कृष्णाकाठ (सांगली)

दोन इंच.

कंदीपेढा (सातारा)

गवंड्याला आजच फोन करा. तुमच्याकडे एकूण दोनच इंच आहेत, आणि गाडी आत आहे. बोल्टांच्या जागा आणि भेगा तेवढ्या भरून घ्या. कोबाच हवा असेल तर आधी गाडी बाहेर, मग जुनी फरशी फोडून त्याच लेव्हलला नवा. नळी लावून.

वेल्डिंगवाला (पलूस)

न्हाईतर ढकलगाडी आहेच.